हात सोडू का?

माझी थोरली बहीण अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. कोणाच्या घरात कोणी कोसळलं की जो नंबर लावतात, त्याच्या पलीकडच्या टोकाला ताई असते. पत्ता विचारते, श्वास चालू आहे का विचारते, गाडी पाठवते, आणि गाडी पोचेपर्यंत घाबरलेल्या माणसाला नुसत्या बोलण्याने धरून ठेवते. त्यासाठी तिचा एक वेगळाच आवाज आहे. सावकाश, सपाट, जराही न हलणारा. घरी आम्ही त्याला ‘ड्युटीचा आवाज’ म्हणतो. नवरा-बायकोचं भांडण रंगात आलेलं असताना ताई मध्येच त्या आवाजात बोलायला लागली की भाऊजी कोपरापासून हात जोडतात. म्हणतात, “बाई, हवं तर भांडं फेकून मार, पण मला पेशंट करू नकोस.”

एरवी ताईसारखी बोलघेवडी बाई शोधून सापडायची नाही. घरात ती कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही. मी काय सांगणार आहे ते तिला आधीच कळलेलं असतं आणि माझं कुठे चुकतंय तेही. अशी बाई कानाला हेडफोन लावून दिवसभर दुसऱ्यांचं ऐकत बसते यावर आमच्यातल्या निम्म्या लोकांचा विश्वासच बसत नाही. पण मी एकदा तिला न्यायला गेले होते तेव्हा काचेतून पाहिलं. डोळे मिटून, डोकं किंचित तिरकं करून बसली होती. समोरचा बोलत असताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ही आपलीच ताई का, असं मला वाटलं होतं.

तिच्या कामातले दोन नियम मला पाठ आहेत, कारण ती ते घरातही लावते. एक म्हणजे फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्याने ठेवला की मग ठेवायचा. दुसरा म्हणजे गाडी जवळ आली की घरातल्या माणसाला उठवायचं आणि दार उघडायला पाठवायचं. बंद दारामुळे गाडीवरची माणसं खाली घंटी वाजवत उभी राहतात आणि वर माणूस जातो, हे तिथल्या लोकांनी फार वेळा पाहिलेलं आहे.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. त्यांची बायको स्वयंपाकघरात पडली होती. श्वास होता, पण तुटक. घरात दोघंच. ताईने सगळं नियमाप्रमाणे केलं. गाडी कोपऱ्यावर आली तेव्हा तिने त्यांना दार उघडायला खाली पाठवलं. ते जिना उतरून गेले, दार उघडलं, माणसांना घेऊन वर आले. तेवढ्यात बायको गेलेली होती. फोन जमिनीवर तसाच चालू होता. गृहस्थांनी तो उचलला आणि ताईला म्हणाले, “तुम्ही मला उठायला लावलंत.” आणि फोन ठेवला.

झालं एवढंच. चौकशी झाली तीसुद्धा नावापुरती. साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि सांगितलं की यात बोट ठेवायला जागा नाही. ताई पुढचे काही दिवस कामावर गेलीही. मग एक दिवस घरातला फोन वाजला आणि ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. तिने रजा टाकली आणि स्वतःचा मोबाइल कपाटात टॉवेलांच्या खाली घालून ठेवला. माझ्याशी बोलायचं तर मी तिच्या घरी जायचं. जेवताना भाऊजी एकटेच बोलायचे. बोलून बोलून थकले की माझ्याकडे बघायचे. ज्या घरात एकाचं वाक्य पुरं व्हायची मारामार, तिथे आता वाक्यं पुरी होऊन नुसती पडून राहत होती. मला फार भीती वाटायची, हे कबूल करते.

ऑफिसनेच तिला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांना मी मनातल्या मनात ‘गोड बाई’ म्हणते, आणि ते सगळंच कुचकटपणाने म्हणत नाही. खोली छान होती. मऊ सोफा, कोपऱ्यात झाड, डोळ्यांना त्रास होणार नाही असा दिवा, हाताशी टिश्यूचा डबा. बाईंचा आवाजही मऊ. ताईने दुसऱ्याच भेटीत त्या दुपारची हकीकत सांगितली. सांगता सांगता वर पाहिलं तर बाईंचे डोळे भरून आलेले. त्या म्हणाल्या, “किती सोसलंय तुम्ही!” आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं.

मग ताईने काय केलं असेल? डब्यातला टिश्यू काढून बाईंच्या हातात दिला आणि ड्युटीच्या आवाजात म्हणाली, “सावकाश श्वास घ्या. घाई नाही. मी इथेच आहे.”

तिने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा भाऊजी आणि मी खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं. हसू ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं की ताई हसत नव्हती. ती म्हणाली, “फार हळवी आहे गं बिचारी. तिला असलं काही सांगायला नको.”

आणि तिने खरंच सांगितलं नाही. दर आठवड्याला जायच्या आधी ती काहीतरी चांगलं शोधून काढायची. एकदा ओटा पुसता पुसता मला विचारलं, “काल मी झोपले होते का गं बऱ्यापैकी? तिला सांगायला बरं.” परवा फिरून आले, काल गाणी ऐकली, आज फोनकडे पाहिलं तरी छातीत धडधडलं नाही. यातलं शेवटचं तर धडधडीत खोटं होतं. बाई खूश व्हायच्या. बाई खूश झाल्या की ताईचा जीव भांड्यात पडायचा. फोनवरची माणसं शांत झाली की पडायचा तसाच. आयुष्यभर जे काम केलं तेच ती त्या सोफ्यावर बसून करत होती, आणि पेशंट कोण हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

काही महिन्यांनी बाईंनी ऑफिसला कळवलं की ताई आता कामावर जायला तयार आहे. ताईनेही मान डोलावली. नाही म्हणून बाईंचं मन कशाला मोडायचं!

पहिल्याच सकाळी फोन वाजला आणि ताईचा हात उठला नाही. बटण समोर, दिवा लुकलुकतोय, आणि हात मांडीवर. शेजारच्या बाईने तो फोन घेतला म्हणून निभावलं. ताई हेडफोन काढून बाथरूममध्ये जाऊन बसली. साहेब भला माणूस. त्यांनी तिला आतल्या खोलीत गाड्यांच्या पाळ्या लावायच्या कामावर बसवलं. पण हेही सांगितलं की पावसाळ्यापर्यंत बघू, नाही जमलं तर मग कायमचं इथेच.

मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. निवांत काम, ठरलेल्या वेळा. मी तसं म्हटलं. ताईने भाजी चिरायची थांबवली.

“मी तिथे परत बसले नाही, तर तो माणूस बोलला तेच खरं ठरेल.”

“काय खरं ठरेल?”

“की मला लोकांना उठवायचा हक्क नव्हता.”

पाळ्या लावायचं काम चांगलं आहे असं मी त्यानंतर कधी म्हटलं नाही.

दुसऱ्या समुपदेशकाचा पत्ता मी माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून आणला. सायकलच्या दुकानावरची एक खोली. पहिल्या दिवशी मी ताईबरोबर गेले आणि माझा पार विरस झाला. खालून हातोडीचे ठोके येत होते. खुर्च्या साध्या, लाकडी. पाण्याचा ग्लास ठेवला होता, तांब्यात पाणी नव्हतं. आणि तो माणूस! अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, दर दोन वाक्यांनी घसा खाकरायची सवय, चेहऱ्यावर परीक्षेचे पेपर तपासत असल्यासारखा भाव. भाऊजींनी वर्णन ऐकूनच त्याचं नाव ‘मास्तर’ ठेवलं. पुढे आत काय झालं ते मला ताईनेच वेळोवेळी सांगितलं, आणि तिला विचारूनच मी ते इथे लिहिते आहे.

मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला, “आधीच्या बाईंकडे काय जमलं नाही?”

“नाही नाही, फार चांगल्या होत्या त्या,” ताई म्हणाली.

“असतील. पण तुम्ही इथे आला आहात.”

मग त्यांनी सांगितलं, “इथे मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका. माझी काळजी घ्यायला घरी माणसं आहेत.”

प्रत्येक भेटीच्या शेवटी ते विचारायचे, “आज माझं काय चुकलं?” ताई म्हणायची, काही नाही, छान झालं. एकदा ते म्हणाले, “छान झालं म्हणताना तुमचा आवाज बदलतो.” ताई फणफणत घरी आली. म्हणाली, “माणूस आहे की काय आहे! चांगलं म्हटलेलंही चालत नाही त्याला.” मला मनातून बरं वाटलं. गोड बाईंवर ती कधी चिडली नव्हती.

मग एक दिवस तिने त्यांनाही त्या दुपारची हकीकत सांगितली. गाडी कोपऱ्यावर आली, मी त्यांना म्हटलं दार उघडा, इथपर्यंत आली आणि थांबली. मास्तर घसा खाकरून म्हणाले, “यात तुमची चूक नव्हती. नियमच तसा आहे.”

हे वाक्य तिने साहेबांकडून ऐकलं होतं, गोड बाईंकडून ऐकलं होतं, भाऊजींकडून तर उठता बसता ऐकलं होतं. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरून निघून आली. त्या संध्याकाळी घरातली भांडी ज्या आवाजात घासली गेली तो शेजारपाजारच्यांनाही ऐकू गेला असेल. “तोही तसलाच निघाला! सगळे एका माळेचे मणी. मी परत पाऊल टाकणार नाही तिथे.”

तरी ती गेली. कारण तिचा तो नियम. समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचं नाही, आणि ती तर मध्येच उठून आली होती. तेव्हा जायचं, तोंडावर सांगायचं की मी आता येणार नाही, आणि रीतसर संपवायचं. वाटेत तिने वाक्यसुद्धा तयार करून ठेवलं होतं.

ते वाक्य बोलायची वेळच आली नाही. ती खुर्चीवर टेकली मात्र, मास्तर म्हणाले, “आधी मला बोलू द्या. मागच्या वेळी तुम्ही ‘दार उघडा’ म्हणालात आणि थांबलात. पुढे अजून काहीतरी होतं. ते मला दिसत होतं. ते ऐकायचं मला अवघड वाटलं, म्हणून मी ते चुकीबिकीचं वाक्य मध्ये घातलं. धीर तुम्हाला द्यायचा होता असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मीच माझी सुटका करून घेतली. माझं चुकलं.”

एवढं बोलून ते थांबले. खाली कोणीतरी चाकात हवा भरत होतं. ताई सांगते, मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मोठा माणूस, शिकलेला, आणि आपली चूक अशी समोर ठेवून बसला होता. तिने ती पुसून टाकावी असंही त्याला वाटत नव्हतं. तिच्या तोंडावर आलं होतं, अहो असू दे, त्यात काय. ती ते बोलली नाही.

मग ती म्हणाली, “त्यांनी मला विचारलं होतं.”

“काय विचारलं?”

“बायकोचा हात धरून बसले होते ते. मी म्हटलं, दार उघडा. तर म्हणाले, हात सोडू का?”

मास्तरांनी घसाही खाकरला नाही.

“मी म्हटलं, हो, सोडा.”

ही गोष्ट मला माहीत नव्हती. भाऊजींना माहीत नव्हती. साहेबांनी तर रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेली होती, आणखी कोणी कोणी ऐकली होती. सगळे म्हणाले होते की उत्तर बरोबर आहे. उत्तर बरोबरच होतं. त्या माणसाने शेवटच्या क्षणी परवानगी मागितली आणि आपण ती दिली, ही गोष्ट बरोबर-चूक यांच्या खात्यात बसतच नव्हती, आणि ती घेऊन ताई महिनोन्‌महिने एकटी फिरत होती. मला हे लिहितानाही गलबलून येतं.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांनी तोंडही फिरवलं नाही. ते एवढंच म्हणाले, “आणि त्यांनी सोडला.”

“हो.”

त्यानंतर ताई रडली. ओक्साबोक्शी, घरात रडते तशी, नाक ओढत. टिश्यूचा डबा त्या खोलीत नव्हताच. तिने पदराने तोंड पुसलं. मास्तरांनी उठून तांब्या पाहिला, रिकामा निघाला, तसे खाली जाऊन सायकलवाल्याकडून पाणी घेऊन आले. या गोंधळावर मग तिला रडता रडता हसूही आलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कोणी समजू नये. मास्तर पुढेही चुकले. एकदा त्यांनी भाऊजींच्या तोंडी माझं वाक्य घातलं, एकदा भलताच उपदेश केला. फरक इतकाच की आता ताई त्यांना तिथल्या तिथे झापायची आणि ते ऐकून घ्यायचे. ती भांडून यायची आणि तरतरीत दिसायची. माझी समजूत होती की असल्या कामाला प्रेमळपणा लागतो. प्रेमळपणा गोड बाईंकडे किती तरी जास्त होता, आणि त्यांनी दुसऱ्या कोणाचं भलं केलंही असेल, मला शंका नाही. पण त्यांच्यासमोर ताईला सांभाळून बसावं लागत होतं. मास्तरांच्या समोर तिला स्वतःचं ओझं खाली टाकता आलं, मग ते त्यांच्या पायावर पडो की आणखी कुठे.

पावसाळा जवळ आला तेव्हा तिने त्यांना सरळ विचारलं, “मी परत फोन घेऊ शकेन का?”

“मला माहीत नाही,” मास्तर म्हणाले.

हे ऐकून मी तर संतापलेच. मग तुम्ही आहात कशाला! ताई मात्र म्हणाली, “बरं झालं. त्यांनी हो म्हटलं असतं तर मला त्यांच्यासाठी जमवावं लागलं असतं.”

साहेबांकडे तिने स्वतःहून दुपारची पाळी मागून घेतली. पहिला फोन पाय मुरगळलेल्या माणसाचा होता. दुसरा नाकात मणी घातलेल्या पोराच्या आईचा. ताईचा हात दोन्ही वेळा उठला. संध्याकाळी भाऊजींना तिने स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला, तर ते इतके गोंधळले की “कोण बोलतंय?” म्हणाले.

आणि मग त्याच आठवड्यात तो फोन आला. एका बाईचा. वडील बाथरूमपाशी पडले होते. शुद्ध नाही, श्वास चालू. घरात ती आणि वडील. ताईने पत्ता घेतला, गाडी पाठवली, बाईला वडिलांना कुशीवर वळवायला लावलं. गाडी कोपऱ्यावर आली. खालचं दार आतून बंद होतं.

ताईने सांगितलं, “खाली जाऊन दार उघडा.”

बाई रडायला लागली. “यांना असं एकटं टाकून जाऊ?”

शेजारच्या टेबलावरची बाई सांगत होती की ताईने तेव्हा डोळे उघडले आणि टेबलाची कड धरली. क्षणभर तिला वाटलं, आता ही हेडफोन काढणार.

“हो, जावं लागेल,” ताई म्हणाली. “फोन स्पीकरवर टाका आणि बाबांच्या कानाशी ठेवा. मग जा.”

असं काही नियमात नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून ‘हे नियमात आहे का’ असं विचारलंही, आणि ताईने नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी रेकॉर्डिंग पुन्हा एकदा ऐकलं आणि तिला कामावर जायला सांगितलं. त्या बाईच्या वडिलांचं पुढे काय झालं ते तिला कळलं नाही. तिथे बसणाऱ्यांना ते सहसा कळत नाही.

ताईने ‘मग जा’ म्हटल्यावर फोन फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. पावलं जिन्याकडे पळत गेली. मग फक्त एका अनोळखी माणसाचा जड, घरघरता श्वास ताईच्या कानात येत राहिला, आणि ती त्याच्याशी बोलायला लागली.

“बाबा, तुमची मुलगी दार उघडायला गेली आहे. ती तुम्हाला सोडून जात नव्हती. मी पाठवलं तिला.”